खाऱ्या दिवशीचा पहारा

आमच्या गावची पोलीस पाटील मी आहे. बाहेरचा माणूस घरी आला की आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे बघतो आणि नमस्कार त्यालाच घालतो. नवराही बिचारा हात जोडून मोकळा होतो. परीक्षा मी दिली, प्रांतसाहेबांपुढे मुलाखतीला मी बसले, पण पाटील म्हटलं की लोकांना मिशा दिसल्या पाहिजेत. काम तसं फार मोठं नाही. भांडण झालं, कोणी विहिरीत पडलं, अनोळखी माणूस गावात राहायला आला की ठाण्याला कळवायचं. ठाण्यानं कागद मागितला की लिहून द्यायचा. माझं अक्षर बरं आहे, म्हणून माझ्या वाट्याला कागद जरा जास्तच येतात.

गाव आष्ट्याच्या बाजूचं. वरच्या अंगाला आमची घरं, खाली ओढ्याकडे मुसलमानांची तीसेक घरं. गल्लीत तांबोळी आहेत, अत्तार आहेत, कुपवाडला कारखान्यात जाणारे आहेत, तरी सगळा गाव तिला मुलाणी गल्लीच म्हणतो. मुलाण्याची बायको माझी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन या गावात आलो आणि एकाच ओढ्यावर धुणी आपटत सासवांना नावं ठेवली. अशी मैत्री तुटत नाही. तिची थोरली लेक पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं धावायची आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन माझीच जुनी पुस्तकं पाठ करायची. साताऱ्याच्या भरतीत तिची निवड झाली तेव्हा आमच्या घरी पेढे आधी आले आणि बातमी मागून आली. आता फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. घरातल्या कुणाच्या नावावर काही नाही ना, एवढं ठाण्यानं कळवायचं होतं.

त्याच सुमाराला जवळच्या एका मोठ्या गावात कुणाच्या तरी मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. आमच्या गावात काहीसुद्धा झालं नव्हतं. पण भीतीला कारण लागत नाही. तरुण मंडळाच्या अध्यक्षानं सह्या गोळा करून ठाण्यात अर्ज दिला, की मुलाणी गल्लीच्या तोंडाला कॅमेरे बसवा, पोलिसांचा पहारा ठेवा, गल्लीत कोण येतं-जातं त्याची नोंद ठेवा. ठाण्याचे साहेब नवे होते, कोकणातल्या समुद्राकाठच्या गावचे. त्यांनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक घेतली. मुलाणी उठून म्हणाला, "बसवा की साहेब. आमची काय ना न्हाई." एवढ्या लोकांसमोर तो दुसरं काय बोलणार होता, हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. उलट मीच उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "कर नाही त्याला डर कशाला?" लोकांनी माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली. मला फार बरं वाटलं. हे मी लपवत नाही, कारण तेव्हा मला ते खरंच पटलेलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली तंबू लागला. टेबल, रजिस्टर आणि दोन शिपाई. पहिले दोन दिवस लोकांनी त्यांना चहा नेऊन दिला. मग हळूहळू गंमत गेली. वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येणाऱ्या बायकांनी भारा तसाच धरून नाव सांगायचं. माहेरपणाला आलेल्या लेकीनं नवऱ्याचं नाव, गाव, मोबाईल सांगायचा. मैत्रीण एकदा मला म्हणाली, "नाव सांगाया काय जात न्हाई गं. पण त्योच पोरगा रोज इचारतोय. काल सांगितल्यालं आज इसरतोय व्हय?" मी हसले. तीही हसली, पण माझ्याएवढी नाही.

पंधरा दिवसांनी माझ्याकडे छापील तक्ते आले. घरटी एक पान. माणसं किती, धंदा काय, गाड्या कोणत्या, बाहेरचं कोण येतं, घरात हत्यारं कोणती. मी दोन दिवस गल्लीत फिरले. मैत्रिणीच्या घरी गेल्यावर हत्यारांचा रकाना आला, तर तिनंच हौसेनं आतली पेटी आणली आणि फडक्यातून एकेक सुरी काढून माझ्यापुढे मांडली. "ही मामंजींची. हिला अजून धार लावाया लागत न्हाई. ही मिरजंची. लिव्ह, सात सुऱ्या आन् दोन सत्तूर." लेक दारात उभी होती. ती म्हणाली, "अम्मी, ह्ये कशाला?" तिची आई म्हणाली, "खोटं कशाला सांगायचं? आपली वैनीच लिवतीया." मी लिहिलं. सुऱ्या सात, सत्तूर दोन. जत्रेच्या वेळी बाहेरगावचे सात-आठ नातेवाईक येतात, त्यांच्याकडेही सुऱ्या असतात. पुढे पूर्णविराम दिला. कशाला येतात ते लिहिलं नाही. आमच्याकडे ते कोणी लिहीत नाही, कारण ते प्रत्येकाला आईच्या पोटातून माहीत असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या जत्रेचा पहिला दिवस गोडा, पुरणपोळीचा. दुसरा दिवस खारा. खाऱ्या दिवशी घरोघर बोकड पडतं, पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, आणि रस्सा चुलीवर चढल्याशिवाय जत्रा झाली असं कोणी म्हणत नाही. पण बोकडाला सुरी लावायची ती मुलाण्यानंच. देव आमचा, बोकड आमचं, नवस आमचा, आणि बिस्मिल्ला म्हणायचं त्यानं. पहिला मान थोरल्या पाटलांच्या, म्हणजे गावच्या जुन्या वतनदारांच्या घराचा, मग बाकीचे. त्याच्या हाताशिवाय कापलेलं मटण जुनी माणसं तोंडात घालत नाहीत. गावात एक मुलाणी आणि बोकडं दारोदारी, म्हणून आजूबाजूच्या गावांतले मुलाणी एकमेकांच्या जत्रेला पैऱ्यानं जातात. आज तुम्ही आमच्याकडे, परवा आम्ही तुमच्याकडे, शेतात भांगलणीला जातात तसेच. म्हणून ते सात-आठ पाहुणे आणि म्हणून त्या सुऱ्या.

खाऱ्या दिवशी सकाळी आठला तरुण मंडळाचा अध्यक्ष माझ्या दारात आला. अंगावर ओला टॉवेल, कपाळावर गुलाल. त्याच्या मुलाच्या जावळाचा नवस होता. आटपाडीच्या बाजारातून खास बोकड आणलेलं, सासुरवाडी पुण्याहून दोन गाड्या भरून आलेली.

"वैनी, मुलाणी कुठं हाय?"

"घरात असंल की."

"घरात न्हाई. पोलिसांनी गाडीत घालून ठाण्यात न्हेला. पावण्यांसकट. पाटलांचं बोकड दारात बांधलंय, गुरव खोळंबलाय, आन् माजा सासरा सारका घड्याळ बगतोय."

पाहुणे पहाटेच्या एसटीनं उतरले होते आणि शिपायांनी पिशव्या तपासल्या होत्या. मला कळायला क्षणही लागला नाही. माझ्याच तक्त्यात त्या सुऱ्यांची ओळ होती. तरी जीभ थांबली नाही. मी म्हणाले, "मग तूच काप की. पहारा तूच मागितलायस."

"आवं, काय बोलताय?" तो खरोखर घाबरला. "मुलाण्याबिगर देवाला चालतं व्हय?"

मी नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून ठाण्यात गेले. आवारात मैत्रीण आणि तिची लेक भिंतीला टेकून उभ्या होत्या. लेकीचा चेहरा कोरडा पडला होता. ती मला एवढंच म्हणाली, "काकी, अब्बांच्या नावावर केस झाली तर माझं संपलं." तिचं बरोबर होतं. तीन वर्षं पहाटे धावली होती पोरगी. कॅनॉलच्या रस्त्यावरची कुत्रीसुद्धा तिला ओळखायला लागली होती. ते सगळं आता आतल्या टेबलावरच्या एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि तो कागद माझ्या हातचा होता.

आत साहेबांपुढे तोच तक्ता. सुऱ्या फडक्यावर ओळीनं मांडलेल्या. मुलाणी आणि पाहुणे बाकावर हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मी म्हणाले, "साहेब, हे मुलाणी आहेत."

"ते समजलं," साहेब म्हणाले. "सुऱ्या कशाला आणल्या ते विचारतोय."

"मुलाणी म्हटल्यावर सुऱ्या असणारच की साहेब."

हवालदारानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी जीभ चावली. गावात जे वाक्य कुणी कान वर करून ऐकलंही नसतं, ते त्या खोलीत भयंकर वाटलं. साहेब शांतपणे म्हणाले, "हा म्हणतो, तुमच्या देवाची बोकडं कापायला आलोय. पाटीलबाई, दगडफेक होऊन महिना झाला नाही. गाव यांच्यावर पहारा मागतंय. आणि हिंदूंच्या जत्रेचं बोकड मुसलमान कापतो, हे मी मानायचं? तुम्ही स्वतः लिहिलंय, बाहेरची माणसं हत्यारं घेऊन येतात. यात कुठं बोकड आहे का?"

बोकड नव्हतं. साहेबांवर मला चिडताही येईना. त्या कागदावरून मीसुद्धा हेच केलं असतं.

तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरचा आवाज आला. एक नाही, तीन ट्रॉल्या. थोरले पाटील, गुरव, सरपंच, अर्धी वरची आळी, आणि पुढच्या ट्रॉलीत अध्यक्ष. त्याच्या शेजारी त्याचं बोकड. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळद-कुंकू. वेळ टळत चालली म्हणून त्यानं ते सोबतच आणलं होतं. ठाण्यात नेऊन त्याचं काय करणार होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. साहेब ओसरीवर आले. बोकडानं त्यांच्याकडे बघून जोरात बें केलं. माझ्या सगळ्या बोलण्यानं जे झालं नाही ते तिथं झालं. साहेबांच्या चेहऱ्यावरचा ताठा जरा उतरला.

थोरले पाटील काठी टेकत पुढे झाले. "साहेब, आमच्या घरची पैली सुरी ह्यांच्या घराची. माज्या आज्यापास्नं. तुमी ह्यांना बसवून ठेवलं तर जत्रा मोडली म्हना."

साहेबांनी अध्यक्षाला विचारलं, "पहाऱ्याचा अर्ज तुमचाच ना?"

"व्हय साहेब. पण त्यो मुलाण्यावर न्हवता."

"मग कुणावर?"

"बाकीच्यांवर."

"बाकीचे कोण? नावं सांगा."

अध्यक्षानं तोंड उघडलं. त्याच्या ट्रॉलीला तांबोळ्याचा पोरगा लटकून आला होता, कारण जेवणाची भांडी त्याच्याकडची होती. अत्ताराच्या मेडिकलमधून त्याच्या लेकराचं औषध येतं. तो एकेकाकडे बघत राहिला आणि शेवटी टॉवेलनं तोंड पुसलं. एकही नाव निघालं नाही.

आता सुटले, असं मला वाटलं, तर हवालदार म्हणाला, "साहेब, चौकशीला आणून सोडलं अशी नावानिशी नोंद घेतो." मैत्रिणीनं माझा दंड घट्ट धरला. एरवी ही नोंद काहीच नाही. पण हत्यारांसह ताब्यात घेतलेला बाप, एवढी ओळ पडताळणी करणाऱ्या माणसाला दिसली की पुढचं कोण वाचतो?

मी पुढे झाले. माझंही पद जाऊ शकत होतं. मी म्हणाले, "साहेब, नाव घालायचं तर माझं घाला. कागद मी अर्धा लिहिला. सुऱ्या किती ते लिहिलं, कशाला ते लिहिलं नाही. यांनी मला पेटी उघडून दाखवली आणि मी त्यांनाच अडकवलं. चूक माझी आहे."

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "पूर्ण लिहा."

मी तिथंच बसून लिहिलं. गोडा दिवस, खारा दिवस, पहिला मान, पैरा, कुठल्या गावचा मुलाणी कुठल्या नात्यानं येतो, सगळं. थोरल्या पाटलांनी खाली सही केली, गुरवानं केली, आणि अध्यक्षानंही केली. साहेबांनी दोनदा वाचलं. "हे आधीच का नाही लिहिलंत?"

"साहेब, हे लिहायला लागतं असं वाटलंच नाही."

तेव्हा ते हसले. नोंद झाली ती एवढीच, की पोलीस पाटील यांनी जत्रेच्या प्रथेबाबत खुलासा सादर केला, कुणाविरुद्ध संशयास्पद काही आढळलं नाही. त्यात नाव एकाचंही नाही. मैत्रिणीची लेक मटकन पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. मलाही रडू आलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. परतताना मी ट्रॉलीत बसले होते. ऊन वर आलं होतं, बोकड माझ्या पदराची कड चघळत होतं, आणि मी त्याला काही म्हणाले नाही.

पाटलांच्या दारात मुलाण्यानं हातपाय धुतले, सुरी घेतली आणि मग पाहुण्यांत आलेल्या मेव्हण्याच्या हातात दिली. "तू कर," तो म्हणाला. "माजा हात थरथरतोय." इतक्या वर्षांत पहिली सुरी दुसऱ्यानं लावायची ही पहिलीच वेळ. थोरल्या पाटलांनी त्याच्यासाठी खुर्ची मागवली. दिवस कलेपर्यंत सगळी बोकडं पडली, चुली पेटल्या, गाव जेवला. अध्यक्षाच्या सासऱ्यानं दोनदा रस्सा मागून घेतला. मी इतकी जेवले की नवरा म्हणाला, ठाण्यात उपास घडला वाटतं. मी म्हटलं, हो, चांगलाच घडला.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी पुन्हा बैठक घेतली. पहारा ठेवायचा का काढायचा? या वेळी मी म्हण घरी ठेवून गेले होते. मी म्हणाले, "पोलिसांनी लक्ष ठेवू नये असं मी म्हणणार नाही. स्टेटस टाकणारा पकडा, दगड मारणारा पकडा, मग तो कुठल्या का आळीचा असेना. कॅमेरे एसटी स्टँडला लावा, बँकेपाशी लावा, मोटारीच्या केबली चोरीला जातात तिथं लावा. पण एका गल्लीच्या तोंडाला टेबल मांडून बसायचं, तर दुसरं टेबल माझ्या दारात मांडा. माझ्या घरात तीन कोयते, दोन कुऱ्हाडी आणि चार विळे आहेत. तेही कुणीतरी लिहून घ्या." लोक हसले. एक-दोघे म्हणाले, आपला मुलाणी चांगला हो, पण दिवस बरे नाहीत. अध्यक्ष मान खाली घालून बसला होता. त्याचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा पहारा राहू द्या म्हणून त्यानं हात वर केला नाही, आणि त्याच्याकडे बघून त्याच्या मंडळानंही केला नाही. दोन दिवसांत तंबू निघाला. लिंबाखाली चार खड्डे राहिले, ते गल्लीतल्या बायकांनी माती टाकून बुजवले.

आणि मग पडताळणीचा कागद आला. उमेदवाराची वर्तणूक, कुटुंबाची माहिती, पोलीस पाटलाचा अभिप्राय. मी तो घेऊन मैत्रिणीच्या घरी गेले, म्हटलं तिच्यासमोरच लिहावा, तिला आनंद होईल. ओसरीवर पाट घेऊन बसले आणि पेनाचं टोपण काढलं. मैत्रीण आतून पदराला हात पुसत आली आणि जरा थांबली.

"वैनी, तू लिवताना मी शेजारी बसू?"

लग्न होऊन एकाच वर्षी आलेल्या आम्ही. आजवर माझा एकही कागद तिनं कधी वाचला नव्हता. मी म्हणाले, "बस की."

ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मी एक ओळ लिहायची आणि थांबायची, ती ओळीखालून बोट फिरवत हळूहळू वाचायची आणि मान हलवायची. मग मी पुढची ओळ लिहायची. मला राग आला नाही. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम. शेवटच्या ओळीत मी लिहिलं, की मुलीची वर्तणूक उत्तम असून मी तिला जन्मापासून ओळखते. तिनं ती ओळ वाचली, मग सगळा कागद पहिल्यापासून पुन्हा एकदा वाचला, आणि म्हणाली, "आता कर सही."